टेबल-कॉलमना नावं कशी द्यावीत: पहिलं टेबल बनवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

एका गावातल्या दूध संस्थेच्या संकलनाचं सॉफ्टवेअर माझ्या हातात आलं, तेव्हा ते तीन वर्षं चालू होतं आणि ज्याने लिहिलं तो नोकरी बदलून गेला होता. एका टेबलात 'क्यूटीवाय' (क्वांटिटीचं छोटं रूप) नावाचा कॉलम होता. दूध म्हणजे लिटर, असं मी धरून चाललो. दर लिटरवर होता, म्हणून मी थेट गुणाकार करून नवीन बिलाची क्वेरी लिहिली. पण संस्थेत दूध काट्यावर मोजायचे, आणि त्या कॉलममध्ये किलो पडत होते. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. म्हणजे प्रत्येक सभासदाच्या दहा दिवसांच्या बिलात सुमारे तीन टक्के रक्कम जास्त गेली. सचिवांच्या लक्षात आलं तोवर दोन बिलं वाटून झाली होती. पुढच्या बिलातून ती वसुली करताना सभासदांना जे समजावून सांगावं लागलं, ते मी विसरलेलो नाही. कॉलमचं नाव 'क्वांटिटी_केजी' असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

नवीन मुलं कामावर येतात, तेव्हा जॉइन, इंडेक्स, नॉर्मलायझेशन शिकून आलेली असतात. नावं कशी द्यायची हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून हा लेख. उदाहरणं दूध संस्थेचीच घेतो, कारण ती मला पाठ आहेत. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या चार डेटाबेस सॉफ्टवेअरचे फरक जिथे लागतील तिथे सांगतो.

लेखातली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती रोमन लिपीत येतील. त्यामागचं कारण तिसऱ्या पायरीत आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- डेटाबेसचं नेमकं व्हर्जन. 'मायएसक्यूएल आहे' एवढं पुरत नाही, ५.७ आहे की ८.० हे माहीत हवं.
- डेव्हलपमेंट कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर होणार आणि प्रत्यक्ष सर्व्हर कशावर चालणार.
- वरती कोणतं फ्रेमवर्क आहे: जँगो, रेल्स, स्प्रिंग की काहीच नाही.
- ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर आहे, त्यांचे सध्याचे कागद. इथे संकलन रजिस्टर, दरपत्रक, बिलाची पावती.
- मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या) फाइली ठेवायला गिट, आणि त्याच रेपॉझिटरीत नियमांचं एक पान.

१. आधी शब्द गोळा करा

संगणक उघडायच्या आधी रजिस्टर उघडा. सभासद, खाते क्रमांक, संकलन केंद्र, सकाळ-संध्याकाळ, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, कपात, पशुखाद्य उधारी, अनामत, फरक (वर्षातून एकदा निघणारी जादा रक्कम). एवढे शब्द पहिल्या पानावरच मिळतात. प्रत्येकासमोर त्याचा अर्थ एका ओळीत लिहा आणि त्यापुढे डेटाबेसमध्ये वापरायचा एकच शब्द ठरवा. सभासदाला 'मेंबर' म्हणायचं ठरलं, तर तो सगळीकडे 'मेंबर'च. एका टेबलात 'मेंबर', दुसऱ्यात 'फार्मर', तिसऱ्यात 'कस्टमर' अशी तीन नावं एकाच माणसाला पडली, की पुढचा प्रत्येक प्रोग्रॅमर तासभर विचार करतो की ही तीन वेगळी माणसं आहेत का. आणि कधी कधी ती खरंच वेगळी असतात. दूध घालणारा प्रत्येक जण भाग घेतलेला सभासद असेलच असं नाही. असा फरक याच पायरीवर सचिवांना विचारून मिटवायचा.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याचा मोह इथेच होतो, आणि इथेच मोठा घोळ होतो. 'गाव' हा साधा शब्द घ्या. एकाने तो एकच 'ए' लावून लिहिला, दुसऱ्याने दोन 'ए' लावून, तिसऱ्याने हिंदीच्या वळणाने 'ओ' आणि 'एन' घालून. तीन टेबलांत तीन स्पेलिंगं. जॉइन लिहिताना दर वेळी टेबलाची रचना उघडून बघावी लागते. माझा नियम असा: सरळ इंग्रजी प्रतिशब्द असेल तर तोच घ्या (व्हिलेज, मेंबर, पेमेंट). ज्याला प्रतिशब्द नाही किंवा भाषांतर करून अर्थ सांडतो, असे शब्द, म्हणजे तालुका, ग्रामपंचायत, सातबारा, मराठीच ठेवा, पण त्यांचं स्पेलिंग यादीत पक्कं करा आणि मग कुणीही ते बदलू नका.

२. तुमच्या डेटाबेसच्या मर्यादा पाहा

नाव किती लांब चालतं, हे प्रत्येकाचं वेगळं आहे. पोस्टग्रेसमध्ये ६३ बाइट. मायएसक्यूएलमध्ये टेबल, कॉलम, इंडेक्स यांना ६४ अक्षरं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८ अक्षरं. ओरॅकलमध्ये १२.१ पर्यंत फक्त ३० बाइट होते, १२.२ पासून १२८ झाले. तेही 'कम्पॅटिबल' हे सेटिंग तेवढं वर असेल तरच. जुन्या ओरॅकल स्कीमांमध्ये (टेबलांच्या संचांमध्ये) स्वर गाळलेली, चिरडलेली नावं दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा या ३० बाइटमध्ये असतं. त्या लोकांचा नाइलाज होता. तुमचा नसेल, तर त्यांची सवय उचलू नका.

सापळा पोस्टग्रेसचा. नाव ६३ बाइटपेक्षा लांब झालं तर तो एरर देत नाही, नाव कापतो आणि एक नोटीस देऊन पुढे जातो. स्क्रिप्टच्या शंभर ओळींच्या आउटपुटमध्ये ती नोटीस कुणी वाचत नाही. मग एकाच टेबलावरच्या दोन फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलाशी नातं सांगणाऱ्या बंधनांची) लांब नावं पहिल्या ६३ बाइटपर्यंत सारखी निघाली, की दुसरी बनवताना 'हे नाव आधीच आहे' असा एरर येतो आणि तुम्ही डोकं धरून बसता, कारण तुमच्या फाइलमध्ये ती नावं वेगळी दिसत असतात. म्हणून माझ्या पानावर लिहिलं आहे: टेबलाचं नाव ३० अक्षरांच्या आत. टेबल, कॉलम आणि सुरुवातीचा 'एफके_'सारखा तुकडा जोडून बनलेलं कन्स्ट्रेंटचं (डेटावरच्या बंधनाचं) नाव मग सहज मावतं.

३. लिपी, केस आणि अंडरस्कोर

नियम एका ओळीचा आहे: रोमन स्मॉल लेटर्स, आकडे आणि अंडरस्कोर, पहिलं अक्षर अक्षरच, आणि कुठेही डबल कोट नाही. कारणं मात्र सविस्तर सांगतो, कारण ती कळल्याशिवाय हा नियम टिकत नाही.

कोट न लावलेलं नाव पोस्टग्रेस स्मॉल करून घेतो, ओरॅकल कॅपिटल करून घेतो. तोपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते कोट लावल्यावर. पीजीअ‍ॅडमिनसारख्या टूलच्या खिडकीत तुम्ही 'मेंबर' मधलं पहिलं अक्षर कॅपिटल टाइप केलंत, तर ते टूल नावाला कोट लावून टेबल बनवतं. मग साध्या क्वेरीत तेच नाव लिहिलं, की पोस्टग्रेस त्याला स्मॉल करून शोधतो आणि 'असं टेबलच नाही' म्हणून सांगतो. टेबल डोळ्यांसमोर दिसतंय आणि सापडत नाही! त्या दिवसापासून त्या टेबलाला प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक रिपोर्टमध्ये कोट लावत बसावं लागतं.

मायएसक्यूएलचा त्रास निराळा आहे. लिनक्सवर टेबलांच्या नावांत कॅपिटल-स्मॉल वेगळं मानलं जातं, विंडोजवर मानलं जात नाही. लॅपटॉप विंडोजचा, सर्व्हर लिनक्सचा, अशी जोडी आपल्याकडे सर्रास असते. लॅपटॉपवर कुणी कुठे कॅपिटल, कुठे स्मॉल लिहिलं तरी सगळं चालतं. सर्व्हरवर चढवलं की निम्म्या क्वेऱ्या पडतात. यासाठी 'लोअर_केस_टेबल_नेम्स' हे सेटिंग आहे, पण ८.० मध्ये ते सर्व्हर पहिल्यांदा इनिशियलाइझ करतानाच देता येतं, नंतर बदलता येत नाही. सगळीकडे स्मॉल लिहिलं की या सेटिंगची फिकीरच करावी लागत नाही.

आता देवनागरी. मला हा प्रश्न नेहमी विचारतात आणि विचारणाऱ्याच्या मनातली ओढ मला कळते. टेबलाचं नाव सरळ 'सभासद' का नको? पोस्टग्रेसमध्ये चालतं, कोटही लागत नाही. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ६३ बाइटमध्ये त्यामुळे फक्त २१ चिन्हं बसतात. 'संकलन_केंद्र_सभासद_अनुक्रमांक' हे नाव ८१ बाइटचं होतं आणि पोस्टग्रेस ते 'संकलन_केंद्र_सभासद_अनुक' इथे तोडतो. शिवाय काही अक्षरं दोन पद्धतींनी साठवता येतात. नुक्ता असलेला 'ड़' एकच चिन्ह म्हणूनही टाइप होतो आणि 'ड' अधिक नुक्ता असाही. डोळ्यांना एक, डेटाबेसला दोन. नावं रोमन ठेवा, माहिती हवी तेवढी देवनागरीत ठेवा, आणि मराठी नावाची जागा कॉमेंटमध्ये आहे. ती नवव्या पायरीत येईल.

४. राखीव शब्द टाळा

यूजर, ऑर्डर, ग्रुप, टेबल हे शब्द एसक्यूएलचे स्वतःचे आहेत. पोस्टग्रेसमध्ये 'यूजर' नावाचं टेबल कुणी कोट लावून बनवलं आणि नंतर कोट न लावता 'सिलेक्ट स्टार फ्रॉम यूजर' लिहिलं, तर एरर येत नाही. एक ओळ येते, आणि त्यात तुम्ही ज्या नावाने लॉगइन केलंय ते नाव असतं. कारण 'यूजर' हा तिथे आत्ताचा वापरकर्ता सांगणारा शब्द आहे. एरर न येता चुकीचं उत्तर येणं हे मला एररपेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

सहकारी संस्थांची कामं करणाऱ्यांनी एक शब्द खास लक्षात ठेवावा. सभासदांच्या भाग भांडवलाच्या टेबलाला 'शेअर' हे नाव पटकन सुचतं, आणि ओरॅकलमध्ये 'शेअर' राखीव आहे. 'डेट', 'नंबर', 'साइझ', 'लेव्हल', 'कॉमेंट' हेही तिथे राखीव आहेत. 'मेंबर_शेअर' म्हणा, 'कलेक्शन_डेट' म्हणा. दोन शब्दांचं नाव राखीव शब्दांत सहसा सापडत नाही आणि अर्थही जास्त सांगतं.

आणि ही यादी वाढत असते. मायएसक्यूएल ५.७ मध्ये 'रँक' हा साधा शब्द होता. ८.० मध्ये विंडो फंक्शन्स आली आणि 'रँक', 'ग्रुप्स', 'सिस्टीम' हे शब्द राखीव झाले. जास्त दूध घालणाऱ्या सभासदांचा क्रमांक काढणाऱ्या एका टेबलात आमच्याकडे 'रँक' कॉलम होता. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा अपग्रेड करणं भाग होतं, आणि त्या कॉलमचं नाव थेट लिहिलेल्या सगळ्या क्वेऱ्या एका दिवसात पडल्या.

तपासायचं कसं? पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_गेट_कीवर्ड्स' हे फंक्शन आहे. मायएसक्यूएल ८ मध्ये 'इन्फर्मेशन_स्कीमा' मधलं 'कीवर्ड्स' टेबल बघा. ओरॅकलमध्ये 'व्ही$रिझर्व्ड_वर्ड्स'. पहिल्या पायरीतली शब्दांची यादी यांच्याशी ताडून पाहायला दहा मिनिटं लागतात.

५. टेबलांची नावं

एकवचन की अनेकवचन, यावर लोक दिवस घालवतात. तुम्ही घालवू नका. रेल्स वापरत असाल तर अनेकवचन, कारण ते फ्रेमवर्क तसंच गृहीत धरतं. जँगो स्वतःहून अ‍ॅपचं नाव, अंडरस्कोर, मॉडेलचं नाव असं टेबल बनवतो, तो जे देतो ते घ्या. कुठलंच बंधन नसेल तर मी एकवचन घेतो. 'मेंबर' टेबल, 'मेंबर_आयडी' कॉलम, शब्द जसाच्या तसा जुळतो आणि इंग्रजी अनेकवचनांच्या अपवादांशी झगडावं लागत नाही. जे घ्याल ते सगळ्या टेबलांना एकसारखं.

टेबलाच्या नावापुढे 'टीबीएल_' लावू नका. अनेक शिकवणी वर्गांत अजून हे शिकवतात. आमच्या एका कामात 'टीबीएल_रेट' नावाचं टेबल होतं. गाय आणि म्हैस यांचे दर वेगळे करून दोन टेबलं झाली, आणि जुने रिपोर्ट मोडू नयेत म्हणून 'टीबीएल_रेट' हा व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) करावा लागला. आता नाव म्हणतं टेबल, आहे व्ह्यू, आणि नवीन माणूस त्यात इन्सर्ट करायला जाऊन अडकतो.

दोन टेबलांना जोडणाऱ्या टेबलाला, त्या नात्याला व्यवहारात नाव असेल तर तेच द्या. सभासद आणि संकलन केंद्र यांना जोडणाऱ्या टेबलाला 'मेंबर_सेंटर' चालेल, पण संस्थेत त्याला 'नोंदणी' म्हणत असतील तर 'रजिस्ट्रेशन' जास्त बोलकं आहे. 'डेटा१', 'टेम्प', 'न्यू_मेंबर', 'मेंबर_बॅकअप_फायनल' ही नावं मुख्य स्कीमात दिसली की मला धडकी भरते. तात्पुरती टेबलं वेगळ्या स्कीमात ठेवा आणि त्यांच्या नावात तारीख घाला, म्हणजे केव्हा पुसायची ते कळतं.

६. कॉलमची नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टेबलं वीस असतील, तर कॉलम दोनशे असतात, आणि पैसे कॉलममध्ये असतात.

*एकक नावात लिहा.* 'क्वांटिटी_लिटर' किंवा 'क्वांटिटी_केजी'. 'फॅट' नुसतं कधीच नको. दूध धंद्यात फॅट टक्क्यांतही मोजतात आणि किलोतही. ४० लिटर दूध म्हणजे सुमारे ४१.२ किलो, आणि ४ टक्के फॅट असेल तर त्यात १.६४८ किलो फॅट. एका कॉलममध्ये ४, दुसऱ्यात १.६४८, आणि दोन्हींचं नाव 'फॅट', असं मी पाहिलं आहे. 'फॅट_परसेंट' आणि 'फॅट_केजी' लिहिलं की प्रश्नच उरत नाही. पैशांचंही तसंच. पेमेंट गेटवे सहसा रक्कम पैशांत मागतात, हिशोबाची टेबलं रुपयांत असतात. 'अमाउंट_पैसे' आणि 'अमाउंट_रुपये' अशी दोन स्पष्ट नावं ठेवा. शंभरपट चूक एका 'अमाउंट' या नावात दडलेली असते.

*ओळख सांगणारे कॉलम.* प्रायमरी कीला नुसतं 'आयडी' म्हणायचं की 'मेंबर_आयडी'? फ्रेमवर्क 'आयडी' मागत असेल तर तसं. नसेल तर मी पूर्ण नाव घेतो. फॉरेन की दुसऱ्या टेबलात जाताना नाव तेच ठेवते, आणि एसक्यूएल सर्व्हर सोडून बाकी तिघांत जॉइनमध्ये 'युझिंग' वापरता येतं. एकाच टेबलाकडे दोन नाती जात असतील तर भूमिका पुढे लावा: 'क्रिएटेड_बाय_यूजर_आयडी', 'अप्रूव्ह्ड_बाय_यूजर_आयडी'. संस्थेने दिलेला, पावतीवर छापला जाणारा क्रमांक म्हणजे 'मेंबर_कोड'. डेटाबेसने दिलेला म्हणजे 'मेंबर_आयडी'. या दोघांची गल्लत करू नका. सभासद मयत झाला की वारसाला तोच कोड देणाऱ्या संस्था आहेत.

आता एक सापळा, जो मी प्रत्येक नवीन मुलाला फळ्यावर लिहून दाखवतो. बंद खात्यांची संकलनं पुसायची आहेत. 'क्लोज्ड_अकाउंट' या टेबलात सभासदाचा कॉलम 'मेंबर_नंबर' या नावाने आहे, पण तुमच्या डोक्यात 'मेंबर_आयडी' आहे. तुम्ही लिहिता:

डिलीट फ्रॉम मिल्क_कलेक्शन व्हेअर मेंबर_आयडी इन (सिलेक्ट मेंबर_आयडी फ्रॉम क्लोज्ड_अकाउंट)

आतल्या टेबलात 'मेंबर_आयडी' नाही, तेव्हा एरर यायला हवा असं वाटतं. तो येत नाही. आत नाव सापडलं नाही की डेटाबेस ते बाहेरच्या टेबलात शोधतो, तिथे ते सापडतं, आणि अट होते 'मेंबर_आयडी बरोबर मेंबर_आयडी'. बंद खात्यांच्या टेबलात एक जरी ओळ असेल, तरी ज्या ओळीत सभासद भरलेला आहे अशी प्रत्येक ओळ पुसली जाते. हे एसक्यूएलच्या नियमांनुसारच घडतं, त्याला बग म्हणता येत नाही. उपाय दोन. एकाच गोष्टीला सगळीकडे एकच नाव, आणि सबक्वेरीत प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलाचं छोटं नाव लावायची सवय. 'क्लोज्ड_अकाउंट'ला 'सी' म्हणून 'सी.मेंबर_आयडी' लिहिलं असतं तर एरर येऊन तुम्ही वाचला असता.

उलट बाजूही आहे. 'क्रिएटेड_अ‍ॅट' सगळ्या टेबलांत एकाच नावाने असतो आणि असावा, पण म्हणून 'नॅचरल जॉइन' कधी वापरू नका. तो सारख्या नावाचे सगळे कॉलम जुळवतो, दोन ओळींच्या नोंदीची वेळ जुळत नाही, आणि रिकामं उत्तर मिळतं.

*तारीख आणि वेळ.* नुसती तारीख असेल तर शेवटी '_डेट', तारीख आणि वेळ दोन्ही असतील तर '_अ‍ॅट'. रात्री साडेबाराला मशीनवरून सिंक झालेलं संध्याकाळचं दूध कोणत्या दिवसाचं? म्हणून 'कलेक्शन_डेट', 'शिफ्ट' आणि 'सिंक्ड_अ‍ॅट' हे तीन वेगळे कॉलम हवेत.

*हो-नाही.* 'इज_अ‍ॅक्टिव्ह', 'हॅज_लोन'. नकारार्थी नाव नको. 'इज_नॉट_क्लोज्ड' बरोबर फॉल्स, याचा अर्थ लावताना माणूस चुकतो. 'स्टेटस' असेल तर कशाचा ते सांगा: 'पेमेंट_स्टेटस'.

एक्सेलमधून टेबल इम्पोर्ट करताना 'एसएनएफ %' असं स्पेस आणि टक्क्याचं चिन्ह असलेलं शीर्षक थेट कॉलमचं नाव होऊन बसतं. इम्पोर्टआधी शीर्षकांची ओळ बदला.

७. कन्स्ट्रेंट आणि इंडेक्स यांना स्वतः नावं द्या

नाव दिलं नाही तर डेटाबेस स्वतः ठेवतो. पोस्टग्रेसची नावं समजण्यासारखी असतात. ओरॅकल 'एसवायएस_सी' आणि पुढे आकडे देतो. एसक्यूएल सर्व्हर मागे आकड्या-अक्षरांचं यादृच्छिक शेपूट लावतो. ते शेपूट तुमच्या लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरंच. मग 'हा कन्स्ट्रेंट काढून टाक' ही स्क्रिप्ट तुमच्याकडे चालते आणि सर्व्हरवर पडते.

माझा साचा: 'पीके_टेबल', 'एफके_टेबल_पालकटेबल', 'यूक्यू_टेबल_कॉलम', 'सीके_टेबल_नियम', 'आयएक्स_टेबल_कॉलम'. टेबलाचं नाव त्यात हवंच. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये इंडेक्सचं नाव पूर्ण स्कीमात एकमेव लागतं, त्यामुळे 'आयएक्स_डेट' एकदाच वापरता येतं. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंडेक्सचं नाव त्या टेबलापुरतं एकमेव असलं तरी पुरतं, पण फॉरेन कीचं नाव तिथे पूर्ण स्कीमात वेगळं लागतं. मायएसक्यूएलमध्ये प्रायमरी कीला काहीही नाव दिलं तरी ती 'प्रायमरी'च राहते, तिथे वेळ घालवू नका.

चेक कन्स्ट्रेंटचं नाव नीट विचार करून द्या, कारण एररमध्ये तेच दिसतं. 'सीके_मिल्क_कलेक्शन_फॅट_रेंज' वाचून फोनवरच्या ऑपरेटरला तुम्ही लगेच सांगू शकता की फॅटचा आकडा तपासा.

८. व्ह्यू आणि प्रोसिजर

प्रोसिजरचं नाव क्रियापदाने सुरू करा: 'जनरेट_बिल', 'क्लोज_शिफ्ट'. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी_' हे अग्रचिन्ह वापरू नका. ते सिस्टीमच्या प्रोसिजरसाठी आहे आणि एसक्यूएल सर्व्हर तसं नाव आधी 'मास्टर' या सिस्टीमच्या डेटाबेसमध्ये शोधतो. पोस्टग्रेसमध्ये स्कीमाचं नाव 'पीजी_' ने सुरू करता येत नाही. व्ह्यूचं नाव त्यातल्या माहितीवरून द्या, उदाहरणार्थ 'मेंबर_टेन_डे_बिल'.

९. नियम एका पानावर, अर्थ कॉमेंटमध्ये

इथवर जे ठरलं ते एका पानात लिहा आणि रेपॉझिटरीत ठेवा. दोन पानं झाली तर कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव. मग प्रत्येक टेबल आणि कॉलमला कॉमेंट द्या. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये 'कॉमेंट ऑन' आहे, मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवतानाच कॉमेंट देता येते. ती मराठीत लिहा: 'काट्यावरचं वजन, किलोमध्ये, डबा वजा करून'. डीबीव्हर या टूलमध्ये टेबल उघडलं की ती समोर दिसते, आणि स्कीमास्पाय हे टूल चालवलं तर अख्ख्या डेटाबेसची मराठी माहितीपुस्तिका तयार होते.

नियम पाळले जातात का, हे पाहायला एक क्वेरी पुरते. 'इन्फर्मेशन_स्कीमा' मधल्या 'कॉलम्स' वर कॉलमच्या नावाने ग्रुप करा आणि ज्या नावाला एकापेक्षा जास्त डेटा टाइप आहेत ती नावं काढा. ओरॅकलमध्ये त्यासाठी 'ऑल_टॅब_कॉलम्स' आहे. एकाच नावाचा कॉलम इथे इंटिजर आणि तिथे टेक्स्ट निघाला, की तिथे कुणीतरी शब्दांची यादी सोडून काम केलं आहे. स्क्रिप्टमध्ये राखीव शब्द शिरले तर एसक्यूएलफ्लफ हा तपासणारा प्रोग्रॅम दाखवून देतो.

मायग्रेशन चालवायला फ्लायवे वापरत असाल तर फाइलच्या नावात आकड्यानंतर दोन अंडरस्कोर लागतात. एकच टाकला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ती फाइल गुपचूप वगळली जाते, आणि कॉलम का आला नाही हे शोधण्यात सकाळ जाते.

१०. जुनं नाव बदलायचं असेल तर

चालू सिस्टीममध्ये एका झटक्यात नाव बदलू नका. एसक्यूएल सर्व्हरचं 'एसपी_रिनेम' नाव बदलतं, पण ते नाव वापरणाऱ्या प्रोसिजर आणि व्ह्यू तसेच जुने राहतात. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू सांभाळले जातात, फंक्शनच्या आतला मजकूर मात्र सहसा जुनाच राहतो आणि फंक्शन चालवल्यावर पडतं. मायएसक्यूएल ८.० मध्ये 'रिनेम कॉलम' आहे. त्याआधी 'चेंज' वापरून पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागायची, आणि त्यात 'नॉट नल' किंवा डीफॉल्ट लिहायचं राहिलं की ते निघून जायचं.

सुरक्षित रस्ता असा. आधी कोड, रिपोर्ट, एक्सेलमधली कनेक्शनं यांत जुनं नाव कुठे कुठे आहे ते शोधा. टेबलाला नवीन नाव द्या आणि लगेच, त्याच ट्रँझॅक्शनमध्ये, जुन्या नावाचा एक साधा व्ह्यू बनवा. पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून साध्या व्ह्यूमधून इन्सर्ट आणि अपडेटही चालतात, त्यामुळे जुना कोड चालू राहतो. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये अशा बदलांना रोलबॅक नाही, तिथे संकलन बंद असताना, दुपारच्या वेळी हे करा. मग एकेक करून कोड नवीन नावावर आणा.

जुना व्ह्यू केव्हा काढायचा? महिनाभर कुणी ओरडलं नाही म्हणून काढू नका. दूध संस्थेत काही क्वेऱ्या वर्षातून एकदाच चालतात: एक दिवाळीच्या आधी, फरकाची रक्कम काढताना, आणि दुसरी मार्चअखेर, ऑडिटसाठी. ही दोन्ही कामं नवीन नावांवर निघाल्याचं स्वतः पाहा, मगच तो व्ह्यू ड्रॉप करा.